खड्ड्यावर ब्रेक ‘सुटतो’ तेव्हा

टोलनाक्याच्या अलीकडे रम्बलरचे, म्हणजे वेग उतरवण्यासाठी घातलेले लागोपाठचे उंच पट्टे सुरू होतात. पाय ब्रेकवर असतो आणि अचानक पेडलखाली कर्रकर्र होतं. पेडल कडकच राहतं, पण गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी पुढे जाते. क्षणभराने ब्रेक पुन्हा पकडतो. गॅरेजमध्ये ही तक्रार ठरलेल्या शब्दांत पोहोचते: “एबीएस खराब झालंय, खड्ड्यात ब्रेक सुटतो.” बहुतेक वेळा एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी (फिरायचं थांबून नुसतं घसरू न देणारी) यंत्रणा, ठणठणीत असतं. त्या क्षणी चाक जमिनीला नीट टेकलेलं नसतं, एवढंच झालेलं असतं. हा फरक लक्षात घेतला नाही, तर महागडं एबीएस युनिट बदलूनही तक्रार तिथेच राहते.

एबीएसला रस्ता दिसत नाही. त्याला कळतो तो फक्त चार चाकांच्या फिरण्याचा वेग. ब्रेक दाबला की टायर रस्त्यावर थोडा घसरतोच, म्हणजे चाक गाडीच्या वेगापेक्षा जरा हळू फिरतं. कोरड्या डांबरावर ही घसरण साधारण १० ते २० टक्के असते तेव्हा पकड सर्वांत जास्त असते. त्यापुढे गेलं की चाक झपाट्याने लॉक होतं. म्हणून एखाद्या चाकाचा वेग गाडीच्या वेगाच्या मानाने एकदम पडायला लागला, की कॉम्प्युटर त्या चाकाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करतो. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून दाब उतरवतो. चाक पुन्हा फिरू लागलं की दाब टप्प्याटप्प्याने चढवतो. हे सगळं सेकंदात अनेक वेळा घडतं आणि उतरवलेलं ऑइल पंप मास्टर सिलिंडरकडे परत ढकलतो. पायाला जाणवणारी थरथर ती हीच.

आता उंचवटा घ्या. टायरची पकड ही त्या चाकावर त्या क्षणी किती भार आहे त्यावर ठरते. चाक उंचवट्यावरून उतरतं तेव्हा स्प्रिंगने त्याला खाली दाबेपर्यंत भार खूप कमी होतो, कधी शून्यही होतो. पण कॅलिपर (चाकाच्या डिस्कला चिमट्यासारखा धरणारा ब्रेकचा भाग) तर पूर्ण जोराने डिस्क आवळूनच असतो. टायर-रिम मिळून पंधरा-वीस किलोचा ऐवज, तो असा अधांतरी सापडला की बघता बघता लॉक होतो. कॉम्प्युटरच्या लेखी हे दृश्य ओल्या, निसरड्या रस्त्यासारखंच असतं, म्हणून तो दाब उतरवतो. चाक परत रस्त्याला टेकतं तेव्हा पकड पूर्ण मिळालेली असते, पण दाब अजून चढायचा असतो. ब्रेक ‘सुटला’ असं वाटतं ते या फटीत. गाडीचा वेग त्या वेळी वाढत नाही. शरीर मंदावण्याच्या झटक्याला सरावलेलं असतं, तो झटका एकदम थांबला की पुढे फेकल्याचा भास होतो.

भास असला तरी अंतर खरं असतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. ब्रेकचा जोर ०.३ सेकंद कमी पडला तर तेवढ्या वेळात गाडी ५ मीटर पुढे जाते. छोट्या हॅचबॅकच्या लांबीपेक्षा हे जास्तच आहे.

एका खड्ड्यापेक्षा लागोपाठच्या उंचवट्यांवर हे जास्त का होतं, त्यालाही कारण आहे. चाक, हब, ब्रेक आणि सस्पेन्शनचा खालचा भाग मिळून सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा उड्या मारू शकतो. ती त्या वजनाची आणि टायरच्या उसळीची नैसर्गिक चाल आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्या वेगात ८० सेंटीमीटर अंतराच्या लाटांवरून गेलात, तर चाकाला सेकंदाला साडेबारा धक्के बसतात, म्हणजे नेमके त्याच्या चालीत. झोक्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं ते उसळत राहतं. एबीएसची दाब उतरवण्या-चढवण्याची लयही साधारण याच पट्ट्यात येते, त्यामुळे दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. दुर्दैव असं की सिग्नलच्या अलीकडे, उतारावरच्या वळणाआधी, जिथे ट्रक रोज ब्रेक मारतात, तिथेच डांबर सरकून अशा लाटा पडतात. जिथे ब्रेक हवा असतो तिथेच रस्ता असा.

कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही. चाकांच्या वेगातली थरथर पाहून रस्ता खडबडीत असल्याचं ओळखणारा आणि अशा वेळी थोडी जास्त घसरण चालवून घेणारा भाग बऱ्याच गाड्यांच्या प्रोग्रॅममध्ये असतो. तो किती चांगला जमला आहे, यात गाडीगणिक फरक पडतो. मागच्या दोन चाकांचा दाब बहुतेक गाड्यांत एकत्र ठरतो आणि ज्या चाकाची पकड कमी त्याच्या हिशोबाने ठरतो, म्हणजे गाडीची शेपूट फिरू नये. म्हणून मागचं एकच चाक खड्ड्यात गेलं तरी दोन्ही मागच्या चाकांचा ब्रेक सैल होतो. पण जोरात ब्रेक मारताना बहुतेक काम पुढची चाकं करतात, तेव्हा पोटात धस्स होतं ते मुख्यतः पुढची दोन्ही चाकं एकदम हलकी झाली की. रम्बलर रस्ताभर आडवे असल्यामुळे तिथे नेमकं हेच घडतं.

सैल खडी आणि मुरूम यांचं गणित वेगळं. तिथे लॉक झालेलं चाक पुढ्यात खडीचा ढीग लोटतं आणि त्या ढिगाने गाडी अडते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे ढीग होत नाही आणि थांबायला जास्त अंतर लागतं. बदल्यात स्टीअरिंग मात्र आपलं राहतं. तिथे वेग आधीच कमी ठेवणं हाच इलाज.

मग बिघाड ओळखायचा कसा? फक्त खडबडीत भागात, फक्त ब्रेकवर पाय असताना, क्षणभर थरथर झाली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला नाही, तर यंत्रणा आपलं काम करते आहे. सपाट, कोरड्या रस्त्यावर हळूच थांबताना, शेवटच्या ताशी ५ ते १५ किलोमीटरच्या टप्प्यात पेडल कर्रकर्र करत असेल, तर तो चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा दोष समजा. दिवा लागलेला नसला तरीही. एबीएसचा पिवळा दिवा कायम लागलेला असेल तर एबीएस बंद आहे, साधा ब्रेक चालू आहे. त्याच्या जोडीला लाल ब्रेकचा दिवाही पेटला असेल, तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे ना आणि ब्रेक ऑइलची पातळी ठीक आहे ना ते बघा. दोन्ही ठीक असतील तर बहुधा ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असते. मग मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. अशी गाडी हळू चालवत थेट गॅरेजलाच न्यावी.

यंत्रणा ठीक आहे पण खड्ड्यांवर ब्रेक पूर्वीपेक्षा जास्त सुटतो, असं असेल तर माझा पहिला संशय शॉकअपवर. उसळणारं चाक परत रस्त्याला चिकटवणं हे शॉकअपचं काम आणि तो एकाएकी जात नाही, हळूहळू मरतो, म्हणून मालकाच्या लक्षात येत नाही. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. त्यापेक्षा दोन खुणा भरवशाच्या. एक, शॉकअपच्या अंगावर ओला तेलकट थर आणि त्यावर चिकटलेली धूळ. दोन, टायरच्या नक्षीवरून तळवा फिरवल्यावर हाताला जाणवणारे उंच-सखल चट्टे; चाक सतत उड्या मारत असल्याची ती सही आहे. शॉकअप बदलताना पुढची जोडी किंवा मागची जोडी एकत्रच बदला. सोबत वरचं माउंट, बम्प स्टॉप (चाल संपल्यावर धक्का झेलणारा रबराचा ठोकळा) आणि धुळीचं रबरही नवं घाला. लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) उघडला असेल तर त्याच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. घाईच्या गॅरेजमध्ये ही चूक सर्रास होते.

दुसरा संशय हवेवर. ३३ पीएसआय सांगितलेल्या टायरमध्ये ४० भरली, तर टायर चेंडूसारखा उसळतो. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे आकडा असतो, तोच पाळायचा आणि टायर थंड असताना मोजायचा. टायरचं वयही बघा. बाजूवर DOT (डॉट) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपलीकडचं रबर कडक झालेलं असू शकतं. कायद्याची मर्यादा १.६ मिलीमीटर नक्षीची आहे, पण पावसाळ्यात त्याच्या कितीतरी आधी टायर बदललेले बरे. आणि मोठे, जड अलॉय घालून गाडी सुंदर दिसेल, पण उसळणारं वजन वाढलं की हीच तक्रार वाढते.

तिसरी गोष्ट सहसा सुटते: कॅलिपरच्या सरकत्या पिना. दोन पावसाळे काढले की त्या गंजून जाम होऊ शकतात. मग डाव्या-उजव्या चाकांचा ब्रेक सारखा लागत नाही. ज्या चाकावर तो जास्त लागतो ते उंचवट्यावर आधी लॉक होतं आणि एबीएस लवकर जागं होतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं. साध्या चेसिस ग्रीसने तिथलं रबर फुगतं आणि पीन पुन्हा जाम होते.

आता सेन्सर. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचणारं यंत्र, एबीएस वाचणारा हवा. स्वस्त ब्लूटूथवाले बरेचसे फक्त इंजिन वाचतात. लाइव्ह डेटात चारही चाकांचा वेग लावा, शेजारी दुसऱ्याला बसवा आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २० ते ३० किलोमीटरने जा. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. मग हळूहळू थांबा. जे चाक बाकीच्यांच्या आधीच शून्यावर पडतं, तेच गुन्हेगार. आकडा ठरावीक लयीत बुडत असेल तर चाकाबरोबर फिरणाऱ्या, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो त्या दातेरी रिंगला चीर गेली असण्याची शक्यता मोठी. साधारण १.९ मीटर घेराचं चाक ताशी २० च्या वेगात सेकंदाला जवळपास तीन फेऱ्या मारतं, म्हणजे सेकंदाला तीन बुडक्या. ही रिंग अनेक गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टच्या टोकावर असते आणि तिच्याखाली गंज फुगला की ती तडकते.

रिंग शाबूत असेल तर सेन्सरचा बोल्ट काढून टोक फडक्याने पुसा. बेअरिंगमध्येच चुंबकी रिंग असेल तर ब्रेकमधली लोखंडाची बारीक भुकटी तिथे चिकटते. सेन्सर ज्या बैठकीवर बसतो तिथला गंजही खरवडा. तो सेन्सरला वर उचलतो, अंतर वाढतं आणि कमी वेगात सिग्नल अशक्त होतो. अडकलेला सेन्सर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, प्लॅस्टिक मोडतं. भेदक तेल मारून डावी-उजवीकडे फिरवत काढा. जुन्या पद्धतीचा, कॉइलवाला सेन्सर मल्टिमीटरने तपासता येतो: रेझिस्टन्स सहसा एक-दोन हजार ओमच्या आसपास असतो, आणि दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी तुलना करणं सर्वांत खात्रीचं. नवे सेन्सर इलेक्ट्रॉनिक असतात, त्यांना ओम मोजून काही कळत नाही. तिथे लाइव्ह डेटाच बघायचा. चाक वर-खाली धरून हलवा, बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर आधी ते बदला. चुंबकी रिंगवालं बेअरिंग उलटं बसवलं गेलं, तर नवा सेन्सर घालूनही दिवा जात नाही.

काही मालक या त्रासाला कंटाळून एबीएसचा फ्यूज काढून टाकतात. कृपा करून असं करू नका. उंचवट्यावर नसलेली पकड फ्यूज काढून येत नाही. चाक हवेत लॉक होतं, लॉक अवस्थेतच खाली टेकतं आणि त्या वेळी स्टीअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. शिवाय ईबीडी जातं, स्थिरता नियंत्रण असेल तर तेही जातं. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, ते उगाच नाही.

राहिला आपला पाय. प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो आणि ताशी २५ किलोमीटरसाठी आखलेला असतो. आपल्याकडचे कितीतरी याहून अरुंद आणि टोकदार आहेत. दोन्हींसाठी रीत एकच: ब्रेकचं काम उंचवट्याच्या आधी संपवा आणि पुढची चाकं टेकायच्या आत पाय सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं, पुढच्या स्प्रिंगची बरीचशी चाल खर्ची पडलेली असते. त्यात उंचवटा आला तर धक्का थेट बम्प स्टॉपवर बसतो आणि चाक जास्त उडतं. रम्बलरवर पट्ट्यांच्या अलीकडेच वेग उतरवा, पट्ट्यांवर पाय हलका ठेवा. घाई नसताना थरथर आलीच तर दाब किंचित कमी करा, ती थांबते.

समोर माणूस किंवा ट्रक आला असेल तर मात्र यातलं काहीच आठवायचं नाही. ब्रेक पूर्ण जोराने दाबा, दाबूनच धरा, पंप करू नका, मॅन्युअल गाडीत क्लचही दाबा आणि मोकळ्या जागेकडे स्टीअरिंग वळवा. याची सवय पाऊस पडून गेलेल्या रिकाम्या मैदानावर, मागे-पुढे कुणी नसताना, ताशी ४० ला तीन-चार वेळा करून घ्या. पहिल्या वेळी कर्र झालं की पाय आपोआप वर येतो. चौथ्या वेळेपर्यंत तो खाली राहायला शिकतो.