ओढ्यातलं शेण कुठून आलं, हे सिद्ध करताना

गोठ्यातलं शेणमूत ओढ्यात येतं, या आमच्या तक्रारीनंतर तपासणीसाठी माणसं आली, तेव्हा लख्ख ऊन होतं. ओढ्याचं पाणी नितळ, वास नाही. अहवाल आला: सगळं मर्यादेत. त्या दिवसापुरता तो खराही होता. शेकडो जनावरांच्या गोठ्यातून रोज उघडपणे घाण सोडली जातेच असं नाही. ती आवारात, उकिरड्यावर, शेणमूत साठवायच्या तळ्यात पडून असते आणि जोराचा पाऊस ती ओढ्यात आणतो. सरीचा पहिला लोंढा सर्वांत घाण असतो. थोड्या वेळात तो वाहून जातो आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला काही उरत नाही.

म्हणून नमुना पडत्या पावसातच घ्यायचा, हे ठरलं. पण बाटली भरली आणि नेऊन दिली, इतकं ते सोपं नव्हतं. प्रयोगशाळेत आधीच जाऊन बोललो, त्याचा फार उपयोग झाला. ई-कोलाय या आतड्यातल्या जिवाणूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक बाटली त्यांचीच लागते, ती बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोचवावी लागते. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते याची चाचणी २० अंश सेल्सिअसला पाच दिवस चालते, त्यामुळे पाचवा दिवस सुट्टीचा येत असेल तर ते नमुना घ्यायला कुरकुरतात. पाऊस काही वार बघून येत नाही. शेवटी तिथल्या एका तंत्रज्ञ बाईंनी सुट्टीच्या दिवशी येऊन नोंद घ्यायचं कबूल केलं. त्यांच्यामुळे हे काम झालं.

एकच नमुना कधीही पुरत नाही. गोठ्याच्या वरच्या अंगाला एक, जिथे गोठ्याकडून येणारा चर ओढ्याला मिळतो तिथे एक, आणि खाली एक. वरचा नसेल तर 'ही घाण वरूनच येते' या उत्तरापुढे आपल्याकडे बोलायला काही राहत नाही. नमुने घेताना मात्र खालून वर जायचं, कारण वर कुणी पाण्यात उतरलं की गाळ ढवळून खाली येतो. मी तर पाण्यात उतरलोच नाही. तिन्ही ठिकाणी रस्त्यावरच्या मोरीवरून काठीला बाटली बांधून सोडली. पुराच्या पाण्यात पाय घालणं धोक्याचं, आणि दुसऱ्याच्या आवारात शिरून घेतलेल्या नमुन्यावर पहिला आक्षेप तोच येतो. प्रत्येक बाटलीवर वेळ आणि जागा लिहिली, फोटो काढले, पावसाची नोंद ठेवली.

निकालात वरच्या आणि खालच्या पाण्यातला फरक कुणालाही दिसेल इतका होता. खाली अमोनिया चढलेला, बीओडी वाढलेला. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण लिटरला काहीशे मिलिग्रॅम असतो, तर गुरांच्या पातळ शेणाचा दहा हजारांच्याही वर जातो. थोडंसं शेणसुद्धा ओढ्यातला प्राणवायू खाऊन टाकतं ते यामुळेच. ई-कोलाय मात्र जनावराचे की माणसाचे, हे साध्या चाचणीत कळत नाही. त्यासाठी रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यातल्या जिवाणूंची जनुकीय खूण शोधणारी वेगळी चाचणी करून घ्यावी लागली.

मग तक्रारीवर सुनावणी झाली. तीत गोठ्याच्या मालकांचं म्हणणं एकच: 'पाऊस काय आम्ही पाडतो?' हा वाद जगभर आहे. अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्यातून शेतीतून वाहणारं पावसाचं पाणी १९८७ साली वगळलं गेलं, तेव्हापासून 'हे पाणी शेतातलं की गोठ्यातलं' यावर तिथे खटले लढले जातात. आम्हालाही पाणी गोठ्यातलंच आहे, हे दाखवायचं होतं. पाणी कुठून कुठे उतरतं याचा उताराचा नकाशा मी पायी फिरून काढला होता. निकालांच्या कागदांपेक्षा त्या नकाशावर प्रश्न जास्त विचारले गेले.

मी इतका मागे का लागलो, तर ओढ्याकाठच्या विहिरींमुळे. मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकरटन गावी मुसळधार पावसाने शेतातलं शेणखत गावाला पाणी पुरवणाऱ्या एका उथळ विहिरीच्या पाण्यात उतरलं. सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. तिथल्या चौकशीत त्या शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही. विहिरीची जागा चुकीची होती आणि पाण्यात क्लोरीन नीट घातलं जात नव्हतं. म्हणून मीही सुनावणीत कुणाला गुन्हेगार म्हटलं नाही, पाण्याची वाट बदला एवढंच मागितलं.

सुनावणीनंतरच्या आदेशातलं सर्वांत परिणामकारक काम सर्वांत साधं निघालं: गोठ्याच्या छपरांना पन्हळी लावणं. छपरावरचं स्वच्छ पाणी परस्पर बाहेर काढलं की शेणातून वाहणारं पाणीच कमी होतं आणि तळंही लवकर भरत नाही. पावसाचा अंदाज असताना शेतात शेण पसरायचं नाही, ही दुसरी अट. ओढ्याच्या कडेने गवताचा पट्टाही राखला आहे. त्यानंतरच्या मोठ्या पावसात खालच्या नमुन्यातला अमोनिया बराच उतरला.

विहिरींतलं नायट्रेट, म्हणजे शेणमुतातल्या नायट्रोजनपासून तयार होणारा क्षार, मात्र अजून तसंच आहे. गवत गाळ अडवतं, त्याला चिकटलेला फॉस्फरस अडवतं. नायट्रेट पाण्यात विरघळून जमिनीत मुरतं आणि भूजलातून सावकाश सरकत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आणि सर्वांत जास्त धोका बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट ते दाट होतं. हे घरोघरी सांगणं आणि विहिरींचे नमुने नियमित देणं चालू आहे. प्रयोगशाळेतल्या त्या बाई अजूनही बाटल्या तयार ठेवतात.