आमची वाटचाल: 50 सीसीपासून 250 वॅटपर्यंत

गिऱ्हाईक गाडी निवडतं असं कंपन्यांना वाटतं. खरं तर गाडी निवडतं ते लायसन. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं 16 वर्षांच्या पोरांना 50 सीसीपर्यंतची गाडी चालवायची मुभा दिली, त्या एका ओळीवर आमचं सोलापुरातलं विजापूर रोडचं दुकान उभं राहिलं. अकरावीचे प्रवेश झाले की बापलेक लूना बघायला यायचे.

इंजिनाचं मॅग्नेट उपसायचा मॅग्नेट पुलर, फटी मोजायचा फिलर गेज, कार्ब्युरेटरचं जेट साफ करायची पितळी तार, सगळं अजून तेल लावून ठेवलंय. अशोक चौकातल्या मास्तरांची लूना त्याच हत्यारांनी किती वेळा खोलली! टॉवेलचे गठ्ठे वाहून तिचं कॅरिअर वाकलेलं. मास्तरांकडं बिनगिअरचंच लायसन. "आता पायानं गिअर पाडायला कुठं शिकू?" म्हणायचे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, 50 सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या संपल्या, तेव्हा त्यांनी 100 सीसीची मोपेड घेतली. सज्ञान माणसाला तेच लायसन तिलाही चालतं. पोरांची मुभा कायद्यात राहिली, गाडी मात्र बाजारात नाही.

मधली वर्षं बरी गेली.

मग आम्ही बॅटरीवाल्या आणल्या. मोटर 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 पर्यंत, म्हणून लायसन नको, पासिंग नको. समोरच्या दुकानदारानं काय करावं? वेग आवरणाऱ्या कंट्रोलरची एक वायर सोडवून तीच गाडी 45 नं पळवून दाखवायची! पोरं आमच्या दारात येऊन विचारायची, "काय बे, बैलगाडी विकतो का?" आम्ही वायरीला हात लावला नाही. पुढं चेकिंग सुरू झालं, त्याच्या गाड्या उचलल्या, आणि बॅटरीवाल्यांचा धसका घेऊन गिऱ्हाईक पळालं आमचं! 11 गाड्या धूळ खात, बँकेचे हप्ते थकलेले. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. तेव्हा मास्तरांनी सुनेसाठी एक गाडी नेली, रोख. समोरच्या त्या गृहस्थानं मात्र होटगी रोडला दुसरं दुकान थाटलं.

कुणी विचारत नाही, तरी सांगतो. लायसन काढायचंच तर गिअरचं काढा, बिनगिअरची गाडी त्यावर चालते. आणि पोराच्या हट्टापायी स्कूटर हातात देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीपासून पालकाला 25,000 दंड, 3 वर्षांपर्यंत कैद, वर आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, वर्षभर रद्द.

परवा समोरच्याचा पोऱ्या मॅग्नेट पुलर मागायला आला. कुणाचीतरी जुनी लूना आलीय म्हणे. दिला. संध्याकाळी सातच्या आत परत मागवून घेतला.