६४१ ने भागा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि सहली, स्नेहसंमेलनं यांच्याही आधी एक संख्या आठवली: ४,२९,४९,६७,२९७.

नववीत घातांकांच्या तासाला बाईंनी ती फळ्यावर लिहिली. २ चा ३२वा घात, अधिक एक. आधी मोठ्याने वाचायला लावली, चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मग म्हणाल्या, "हिला कशाने भाग जातो, शोधा." ३, ७, ११, १३... कशानेच जाईना. बाईंनी सांगितलं, की याच घडणीच्या, म्हणजे २ चा १ला, २रा, ४था, ८वा आणि १६वा घात, अधिक एक, अशा ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. त्यामुळे सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्मा यांना पुढच्याही सगळ्या मूळच असतील असं वाटलं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी ही सहावी फोडली. तिचा मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवूनच मिळतो, हेही त्यांनी पुढे सिद्ध केलं. तसं पाहिलं तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१!

"चल, ६४१ ने भाग," म्हणून बाईंनी खडू माझ्या हातात दिला. पहिला भाग सहाचा, बाकी ४४८. पुढचा ९ खाली घेतला, ४४८९ झाले. ६४१ साते ४४८७, बाकी २. मग शून्य, शून्य, चार, एक, आणि बाकी पुन्हा ४४८! आता शेवटचा ७ खाली आला: ४४८७. मघाशी जिथे दोन उरले होते, तिथेच आता काही उरलं नाही. भागाकार ६७,००,४१७. तो ७ खाली उतरवतानाचा आनंद मला अजून तसाच आठवतो.

पण बाईंचं खरं शिकवणं दुसऱ्या दिवशीचं. भागाकार न करता भाग जातो हे त्यांनी दाखवलं. ५ गुणिले २ चा ७वा घात म्हणजे ६४०, ६४१ च्या एक अलीकडे. म्हणून ६४१ ने भागताना बाकी उणे एक, म्हणजे एक कमी. दोन्हीकडे चौथा घात घ्या: ५ चा ४था गुणिले २ चा २८वा, बाकी एक. आता ५ चा ४था घात ६२५, म्हणजे ६४१ ला १६ कमी. तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ चालतात, आणि १६ म्हणजे २ चा ४था. ४ आणि २८ मिळून ३२! उणे २ चा ३२वा घात, बाकी एक. म्हणजेच २ चा ३२वा अधिक एक, बाकी शून्य. इतक्या मोठ्या संख्येला हात न लावता ती उलगडते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढची संख्या, २ चा ६४वा घात अधिक एक, हिला २,७४,१७७ ने भाग जातो, असं बाईंनी जाता जाता सांगितलं. घरी जाऊन मी तो भागाकार मांडला. वीस अंकी भाज्य, वहीचं आडवं पान, आणि शेवटी बाकी शून्य.