चार मिनिटांत न संपणारी शर्यत

"तुम्ही कयाकच्या शर्यती एवढ्या मन लावून बघता, पण त्या तर तीन-चार मिनिटांत आटोपतात. त्यात एवढं रंगून जाण्यासारखं काय असतं?" ओळखीतली माणसं मला हे नेहमी विचारतात, ऑलिंपिकच्या दिवसांत तर हमखास. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. आज ऑलिंपिकमध्ये संथ पाण्यावरची सगळ्यांत लांब कयाक शर्यत १००० मीटरची असते. २०२४मध्ये पॅरिसला योसेफ दोस्ताल या चेक खेळाडूनं ती साडेतीन मिनिटांच्या आत जिंकली.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी ज्या शर्यतीच्या प्रेमात आहे ती ऑलिंपिकमध्ये आता होत नाही. ती होती १०,००० मीटरची. १९३६, १९४८, १९५२ आणि १९५६ अशा चारच ऑलिंपिकमध्ये ती झाली आणि नंतर यादीतून गेली. एकट्या माणसाला ती संपवायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागायचा.

आधी होडीविषयी थोडं, कारण इथे नेहमी घोटाळा होतो. आपल्याकडे वल्हवण्याचा खेळ म्हटलं की चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. पण दत्तूचा खेळ रोइंग. त्यात खेळाडू पाठीमागे सरकत जातो, वल्ही होडीच्या बाजूंना अडकवलेली असतात आणि बसायची जागा पुढे-मागे सरकते. कयाकमध्ये तोंड जायच्या दिशेला. दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं हातात मोकळं धरलेलं असतं. पाय पुढच्या फळीला टेकवून दर फटक्याला कमरेपासून अंग वळवायचं असतं. नुसत्या दंडांच्या जोरावर वल्हवणारा दोन किलोमीटरमध्येच हात टेकतो. सुकाणूही पायानंच फिरवायचं. त्या काळातल्या नियमांनुसार एकट्याची शर्यतीची कयाक जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब आणि कमीत कमी ५१ सेंटिमीटर रुंद असे. वजन निदान १२ किलो. एवढ्या चिंचोळ्या होडीत नुसतं सरळ बसून राहणं हेच आधी शिकावं लागतं.

१००० मीटरच्या शर्यतीत प्रत्येकानं आपापल्या लेनमध्ये राहायचं असतं. शेजाऱ्याच्या पाच मीटरच्या आत जायचं नाही, असा नियम आहे. का? कारण पुढे चाललेली होडी मागे आणि बाजूला लाट सोडत जाते. त्या लाटेच्या उतारावर आपल्या होडीचं टोक नेमकं बसवता आलं, तर बऱ्याच कमी श्रमात तोच वेग राखता येतो. हलक्या उतारावर सायकलचे पेडल एकदम सैल लागावेत, तसं वाटतं. याला वल्हवणारे वॉशवर बसणं म्हणतात. छोट्या शर्यतीत ही उचल चालत नाही. लांब शर्यतीत ती चालते, आणि खरी शर्यत तीच असते.

मी हे पानशेतच्या पाण्यावर स्वतः अनुभवलं आहे. माझ्यापेक्षा कितीतरी तरुण, खांद्यानं भक्कम अशा मुलाच्या डाव्या लाटेवर मी बसलो आणि बराच वेळ त्याच्या बरोबरीनं गेलो. एरवी त्याच्या जवळपासही मी फिरकू शकलो नसतो. एक फटका चुकला की मात्र लाट निसटते. टोक लाटेच्या चढावर जातं, होडी जड होते, बघता बघता दोन होड्यांचं अंतर पडतं. मग ते भरून काढायला जी ताकद लागते, ती पुढच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवलेली असते. म्हणून या शर्यतीत शरीराच्या आधी डोकं थकतं, असं माझं मत आहे. पुढे राहून सगळ्यांना ओढायचं की मागे राहून वाट बघायची, वळणाच्या बोयाशी (वळायची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेशी) आत घुसायचं की बाहेरून जायचं, हे सगळं छाती फुटायची वेळ आली असताना ठरवायचं. पाणी उथळ झालं की होडी ओढ खाते, वारा बाजूनं आला की लाटा मोडतात. हे सगळं पाऊण तास सांभाळायचं.

आता माणसांकडे येतो, कारण माझं खरं प्रेम त्यांच्यावर आहे.

१९३६मध्ये बर्लिनजवळ ग्र्यूनाउला कयाक पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा १०,००० मीटरसाठी घडीच्या कयाकचीही वेगळी शर्यत होती. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेल्या, मोडून पिशवीत भरून आगगाडीनं नेता येणाऱ्या त्या होड्या मध्य युरोपात तेव्हा फार चालत. ती शर्यत ऑस्ट्रियाच्या ग्रेगोर ह्राडेट्स्कीनं जिंकली, आणि साध्या कयाकची १००० मीटरचीही त्यानंच. पुढे तो क्रेम्स गावात चर्चमधले मोठे ऑर्गन बांधणारा नामांकित कारागीर झाला. घडीच्या होडीची शर्यत त्यानंतर ऑलिंपिकमध्ये कधीच झाली नाही.

मग युद्ध आलं. १९४० आणि १९४४ची ऑलिंपिक झालीच नाहीत. म्हणून स्वीडनच्या न्यूशॉपिंग गावचा अग्निशमन दलातला गेर्ट फ्रेड्रिक्सन पहिल्या ऑलिंपिकला पोहोचला तेव्हा २८ वर्षांचा होता. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमधली कयाकिंगची स्पर्धा टेम्स नदीवर हेन्लीला झाली. १०,००० मीटरसाठी फ्रेड्रिक्सनला ५० मिनिटं ४७.७ सेकंद लागले. दुसरा आलेला फिनलंडचा कुर्ट विरेस ३०.५ सेकंदांनी मागे होता. वॉशवर बसणं म्हणजे काय हे कळल्यावर या अर्ध्या मिनिटाचं मोल कळतं. त्याच्या लाटेवर कुणाला टिकताच आलं नाही. एकटा पुढे निघाला, वारा आणि पाणी एकट्यानं फोडलं आणि अंतर वाढवत नेलं. दुसऱ्या दिवशी १००० मीटरचं सुवर्णही त्यानं जवळपास सात सेकंदांनी घेतलं. चार-साडेचार मिनिटांच्या शर्यतीत सात सेकंद म्हणजे पाण्यावर भलं मोठं मोकळं अंतर.

हेलसिंकी १९५२ म्हटलं की आपल्याला खाशाबा जाधव आठवतात. गोळेश्वरच्या या पैलवानानं त्या गावात कांस्यपदक घेतलं, त्याच दिवसांत त्याच गावातल्या तैवलाहती या खाडीवजा पाण्यावर कयाकच्या इतिहासातली माझी सगळ्यांत आवडती स्पर्धा चालली होती. यजमान फिनलंडकडे थोरवाल्ड स्ट्रोमबेर्ग हा २१ वर्षांचा किनाऱ्यावरच्या किर्कोनुम्मी भागातला तरुण होता. समोर ३२ वर्षांचा फ्रेड्रिक्सन. दोघं दोनदा भिडले. १००० मीटर फ्रेड्रिक्सननं जिंकली, स्ट्रोमबेर्ग दुसरा. १०,००० मीटर स्ट्रोमबेर्गनं ४७ मिनिटं २२.८ सेकंदांत जिंकली, फ्रेड्रिक्सन अकरा सेकंदांनी दुसरा. ऑलिंपिकच्या लांब शर्यतीतली फ्रेड्रिक्सनची ही एकमेव हार. तो कमी पडला असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला हरवायला घरच्या पाण्यावरचा, वयानं अकरा वर्षांनी लहान आणि तितकाच हुशार माणूस लागला.

त्याच स्पर्धेत दोघांच्या कयाकमध्ये आणखी नाट्य घडलं. चार वर्षांपूर्वी फ्रेड्रिक्सनच्या मागे राहिलेला तोच कुर्ट विरेस या वेळी यर्यो हिएतानेनबरोबर बसला होता. १०,००० मीटरमध्ये त्यांच्याशी गाठ पडली ती लंडनचे विजेते, स्वीडनचे गुन्नार ओकरलुंड आणि हान्स वेटरस्ट्रोम यांची. ४४ मिनिटं वल्हवून झाल्यावर दोन्ही होड्यांमध्ये राहिलं फक्त ०.४ सेकंद. जिंकले फिन. १००० मीटरमध्ये तर विरेस-हिएतानेन आणि दुसरी एक स्वीडिश जोडी यांची वेळ अगदी एकच नोंदली गेली. सुवर्ण तिथेही फिनलंडलाच मिळालं. ज्यांना वाटतं की लांब शर्यत म्हणजे कंटाळा, त्यांना मी या ०.४ सेकंदाबद्दल सांगतो.

बायकांना मात्र ही शर्यत ऑलिंपिकमध्ये कधीच मिळाली नाही. १९४८पासून त्यांच्यासाठी फक्त ५०० मीटर होती. हेलसिंकीला ती फिनलंडच्या सिल्वी साइमोनं जिंकली. तिच्यासारख्या बाईला १०,००० मीटरच्या रांगेत उभं राहू दिलं असतं तर काय झालं असतं, याची हळहळ मला आजही वाटते.

१९५६ची स्पर्धा मेलबर्नपासून शंभरेक किलोमीटरवर, बॅलारॅटच्या वेन्डुरी तलावावर झाली. ऑस्ट्रेलियातला तो नोव्हेंबरचा शेवट होता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले होते. हंगेरीचे खेळाडू त्या अवस्थेत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला खेळायला आले होते. घरी काय चाललंय या काळजीत पाऊण तास लाटेवर लक्ष ठेवायचं, हे कसं जमतं मला माहीत नाही. पण त्यांना ते जमलं. यानोश उरान्यी आणि लास्लो फाबियान यांनी दोघांच्या कयाकची १०,००० मीटर शर्यत जिंकली. त्यांच्या मागोमाग जर्मनांची जोडी आणि तिसरे यजमान ऑस्ट्रेलियाचे डेनिस ग्रीन आणि वॉल्टर ब्राउन. तिन्ही होड्या सात सेकंदांच्या आत आल्या. एकट्याच्या शर्यतीत हंगेरीचा फेरेंत्स हात्लात्स्की दुसरा आला, कारण पहिला पुन्हा फ्रेड्रिक्सन होता. नुकतंच ३७वं वर्ष पूर्ण केलेला. वेळ ४७ मिनिटं ४३.४ सेकंद. १००० मीटरही त्यानंच घेतली. तिसऱ्या आलेल्या मिशेल शॉयरचंही नाव घ्यायलाच हवं. हेलसिंकीतही तो या शर्यतीत तिसराच होता. पण याच बॅलारॅटला त्यानं दोघांच्या १००० मीटरमध्ये सुवर्ण मिळवलं.

आणि मग शर्यत संपली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरच्या जागी चार जणांची प्रत्येकी ५०० मीटरची रिले आली. ती रिलेही त्या एकाच ऑलिंपिकपुरती राहिली. अल्बानो तलावावरच्या त्या स्पर्धेला फ्रेड्रिक्सन ४० वर्षांचा होता. एकट्याच्या १०००मध्ये त्याला कांस्य मिळालं आणि स्वेन-ओलोव शोडेलियसबरोबर दोघांच्या १०००मध्ये सहावं सुवर्ण. लांब शर्यत चालू राहिली असती तर त्याच्याकडे आणखी किती पदकं असती हा हिशेब मी करत नाही. मला चुटपुट लागते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या शर्यतीबरोबर डावपेचांचा सगळा खेळच ऑलिंपिकमधून गेला. उरला तो फक्त वेग. वेगाला मी कमी लेखत नाही, पण वेग हा या खेळाचा अर्धाच भाग आहे.

हा उरलेला अर्धा भाग त्याच काळात ऑलिंपिकबाहेर मात्र जोमानं वाढत होता. १९४८च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या डिवायझेसच्या काही रोव्हर स्काउट मुलांनी कालवा आणि टेम्सवरून थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टरपर्यंत होडी नेली. त्यातून १२५ मैलांची शर्यत उभी राहिली, आणि वाटेतल्या ७७ जलकपाटांपाशी होडी उचलून धावावं लागतं. १९४९मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या आर्कान्सा नदीवर सलायडाहून शर्यत निघाली, आणि ती पूर्ण करणारी एकच होडी होती, स्वित्झर्लंडहून आलेल्या रॉबर्ट रिस आणि माक्स रोमर यांची. स्पेनमधल्या सेया नदीवरची, आरिओन्दास ते रिबादेसेया अशी वीस किलोमीटरची शर्यत डिओनिसिओ दे ला उएर्ता आणि त्याच्या मित्रांच्या १९३०च्या सहलीतून जन्मली. १९५१पासून ती आंतरराष्ट्रीय झाली, आणि आजही तिच्या बाजूनं नदीकाठच्या रुळावरून प्रेक्षकांची आगगाडी धावते. त्याच १९५१च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत इयन प्लेयर आणि त्याचे सोबती असे आठ जण पीटरमारित्झबर्गहून दरबानकडे निघाले. नदीला पाणी कमी, मग पूर. प्लेयरला वाटेत साप चावला. तरी तो सहा दिवसांहून जास्त झगडून पोहोचला, आणि पोहोचला तो एकटाच. नंतर पांढऱ्या गेंड्यांना वाचवण्यासाठी त्यानं जे आयुष्य वेचलं, ते जगाला जास्त ठाऊक आहे.

म्हणून "आता ही शर्यत बघायला मिळते का?" असं कुणी पुढे विचारलं, तर माझं उत्तर आहे, मिळते. कनू-कयाकच्या जागतिक स्पर्धेत १०,००० मीटर १९९३पर्यंत टिकली. २०१०पासून तिथे ५००० मीटर आली, आणि आता बायकांचीही असते. १९८८पासून मॅरेथॉनची वेगळी जागतिक स्पर्धा भरते, त्यात होडी खांद्यावर टाकून पळण्याचे टप्पेही असतात. यांतली कुठलीही एक लावा. घड्याळाकडे आणि पुढे कोण आहे याकडे सुरुवातीला लक्ष देऊ नका. पहिली पाच मिनिटं फक्त इतकंच बघा, कोण कुणाच्या लाटेवर बसलंय, आणि पहिल्या बोयाच्या वळणावर आतली जागा कुणी सोडली.