भरदिवसा शिकार करणारा रानपिंगळा

मेळघाटात चौराकुंडच्या बाजूला जानेवारीअखेर साग निम्मा उघडा पडलेला असतो आणि ऊन थेट जमिनीवर उतरतं. रानपिंगळ्याला हेच हवं असतं. हा दिवसाढवळ्या शिकार करणारा घुबडाच्या जातीतला पक्षी.

"दादा, शेपटी बघा," आमचे कोरकू वाटाडे हळूच म्हणाले. निष्पर्ण फांदीवर बसलेला नर शेपटी एकसारखी डावी-उजवीकडे झटकत होता. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट पांढरं, आणि पंजे अंगाच्या मानाने फारच दणकट. ते कशासाठी, हे लगेच कळलं. मान खाली घालून त्याने बराच वेळ पाचोळा न्याहाळला, मग सरळ खाली झेप. वर आला तेव्हा पंज्यात सापसुरळी होती, शेपूट अजून वळवळत होती. ती त्याने खाल्ली नाही. ढोलीच्या तोंडाशी मादी बसली होती, तिला नेऊन दिली. विणीच्या काळात मादीचं पोट नरच भरतो, आणि पिल्लांना मादी भरवते.

एका अभ्यासात त्याच्या भक्ष्यात जवळपास 60 टक्के सरडे-पाली-सापसुरळ्या आढळल्या, उंदीरवर्गीय प्राणी 15 टक्के; बाकी किडे, बेडूक आणि क्वचित एखादा पक्षी.

1884 नंतर या पक्ष्याचा पत्ताच नव्हता. मधे माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 सालची म्हणून दाखवलेली नोंद होती, पण तो नमुना संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. ती खोटी नोंद बाजूला ठेवून पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. केवढा मोठा दिवस असेल तो!

परतताना रस्त्याकडेला जळालेला पट्टा लागला. काळी राख, पाचोळा नाही, सरडा तर औषधालाही नाही. ढोलीचं झाड उभं राहिलं तरी खाली असं झालं तर नर आणणार काय? म्हणून वणवा रोखायला फाल्गुनातल्या उन्हात जाळरेषा काढणाऱ्या वनमजुरांचं काम मला या पक्ष्यासाठी सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुम्ही जाणार असाल तर एकच विनंती: जानेवारी-फेब्रुवारीत त्यांची जोडी जमायची वेळ असते. मोबाइलवर आवाज लावून त्याला बोलावू नका. तो शिकार सोडून तुमच्या आवाजाशी भांडत बसतो, आणि ढोलीत मादी उपाशी राहते.