मनातल्या मनात दहापर्यंत मोजा

"हाक मारली तर बघत नाही, दहादा सांगितलं तरी हलत नाही. ह्याच्याशी बोलायचं तरी कसं?" स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही अशी अडचण असलेल्या मुलांचे आईबाबा हे विचारतात, आजी तर हमखास. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: कमी बोला, आणि बोलून झालं की गप्प बसा. यातलं दुसरं जास्त अवघड आहे.

त्याआधी कान तपासलेत का? टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतंय, असं धरून चालू नका. काही मुलांना ठरावीक पट्टीतलेच आवाज ऐकू येतात. लहान मूल तपासणीला साथ देत नसेल तर झोपेत बेरा चाचणी (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे यंत्रानं बघणारी कानाची तपासणी) करता येते.

आता सकाळी शाळेची रिक्षा दारात येते तेव्हाचं बघा. "बूट घाल." दोन सेकंदांत, "बूट कुठायत रे?" लगेच, "आवर की रं!" आणि वर, "मामा थांबलेत बघ." आपल्या लेखी एकच गोष्ट चारदा सांगून झाली. मुलाच्या कानावर मात्र एक सूचना, एक प्रश्न, एक ओरडा आणि एक बातमी अशी चार वेगळी वाक्यं पडली. पहिल्याचा अर्थ लावेपर्यंत दुसरं येऊन आदळतं आणि पहिलं पुसलं जातं.

त्यापेक्षा जवळ जा, खाली बसा. नाव घ्या, बूट दाखवा, "बूट घाल" एवढंच म्हणा आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. कुणाला 5 सेकंद पुरतात, कुणाला 15 लागतात. नाहीच हललं तर पुन्हा तेच दोन शब्द, त्याच क्रमानं. तिसऱ्या वेळी शब्दही नकोत. बूट पायापाशी ठेवा आणि बोट दाखवा. बहुतेकजण तीनवरच मोजणं सोडतात. किंवा आई मोजत असते तेवढ्यात आजी स्वयंपाकघरातून "घाल की बाळा" म्हणते. म्हणून एका वेळी घरातल्या एकानंच बोलायचं. एडीएचडीच्या मुलाला "बूट, दप्तर, डबा, पाण्याची बाटली" अशी यादी एका दमात देऊ नका. बूट झाले की दप्तर.

"माझ्याकडं बघून बोल" हे सोडूनच द्या. बऱ्याच मुलांना नजर द्यायची आणि ऐकायचं ही दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत. शेजारी बसून बोला.

असं मूल बऱ्याचदा शब्दाचा सरळ अर्थच घेतं, म्हणून आपली कोल्हापुरी बोली इथं जरा आडवी येते. "लई शहाणा झालास" हे त्याला कौतुक वाटतं. "दोन मिन्टं थांब" म्हटलं की तो घड्याळ बघून 2 मिनिटं थांबतो आणि तिसऱ्या मिनिटाला रडतो. चूक त्याची नाही. "भाकऱ्या झाल्या की जाऊ" म्हणा, भाकऱ्यांची चवड त्याला दिसते. "पळू नको"पेक्षा "हात धर" बरं, कारण काय करायचं ते त्यात आहे. आणि पर्याय नसेल तिथं "जायचं का?" विचारू नका. तो "नाही" म्हणाला तर काय करणार?

"पाणी पाहिजे का?" विचारलं की उलट "पाणी पाहिजे का?" असंच म्हणणारी मुलं चेष्टा करत नसतात. बऱ्याचदा तो होकार असतो. पेला द्या आणि त्याच्या वतीनं म्हणा, "मला पाणी पाहिजे." पुढं कधीतरी तो ते वाक्य उचलेल. हवं ते दाखवायला चित्रांची कार्डं दिली तर बोलायचं राहील, ही भीती मनातून काढून टाका, तसं होत नाही. इंग्रजी शाळा आहे म्हणून घरातली मराठी बंद करायचीही गरज नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता तीच बोला.

अंबाबाईच्या देवळात किंवा रंकाळ्यावर न्यायचं असेल तर निघण्याआधी मोबाईलवर फोटो दाखवा: रिक्षा, देऊळ, घर. घराचा फोटो विसरू नका, हे कधी संपणार ते त्याला त्यावरूनच कळतं. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढं त्यानं कान झाकून किंचाळायला सुरुवात केली, तर समजावणं, विचारणं, दटावणं सगळं थांबवा. त्या वेळी शब्द हाही आवाजच. हळू आवाजात "चल, बाहेर" म्हणा आणि गल्लीत वळा. हा हट्ट की त्रास, असं लोक विचारतात. हट्ट बहुधा मागितलेली वस्तू मिळाली की थांबतो. त्रास मात्र फुगा दिला तरी थांबत नाही. शांत झाल्यावर लगेच भाषण देऊ नका. पाणी द्या, बसू द्या.

त्यानं "नको" म्हटलं, किंवा हातानं वस्तू ढकलली, तर जिथं शक्य आहे तिथं ते ऐका. नाहीतर दाताखाली मनगट धरणं एवढाच मार्ग त्याच्याकडं उरतो.

रिक्षावाल्या मामांना मात्र हे सगळं सांगत बसू नका. एका कागदावर तीन ओळी लिहून द्या: नाव घेऊन एकदाच सांगा. उत्तराला थांबा. हॉर्न शक्यतो त्याच्या कानाशी नको.