कोंबडीच्या हाडांवरून पक्ष्यांच्या जुन्या नकाशाकडे

पक्ष्यांच्या जीवाश्मांवरचा शोधनिबंध वाचायचा असेल तर आधी गावरान कोंबडी आणा. ब्रॉयलर नको. ती दीडेक महिन्यातच कापतात, हाडांची टोकं तोवर कुर्चाच असतात आणि शिजली की सुटून येतात.

मी नांदेडला एमएस्सीला असताना सेमिनारला 'नव्याने वर्णन झालेले जीवाश्म पक्षी' हा विषय मिळाला. पहिल्याच पानावर कोरॅकॉइड, टार्सोमेटाटार्सस! आकृत्या बघून डोकं उठलं. शेवटी आत्याकडे कोंबडी शिजवली, कुकर न लावता, मंद आचेवर. रस्सा सगळ्यांनी ओरपला, हाडं मी ठेवून घेतली.

"हाडं काय धुवायलास रे, कुत्र्याला टाक की," आत्या म्हणाली.

साबणाच्या पाण्यात भिजवून, जुन्या ब्रशने घासून एकेक हाड वाळवलं, त्यावर नाव लिहिलं. छातीच्या हाडापासून खांद्याला टेकू देणारं ते जाडसर हाड म्हणजे कोरॅकॉइड. पक्ष्याचं बाकीचं बरंच हाडकाम पातळ नि पोकळ, त्यामुळे लाखो वर्षं टिकतात ती बहुधा असली दणकट हाडं. एवढं कळल्यावर निबंध वाचता येऊ लागला.

सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट (तपकिरी कोळशाच्या) खाणीतला जीवाश्म पक्षी 'वस्तानाविस' 2007 साली जाहीर झाला. वय सुमारे 5.4 कोटी वर्षं, नातं पोपटांच्या आदिम शाखेशी. त्याचा जवळचा भाऊबंद सापडला तो थेट अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये.

पण मला खरं गुंतवलं ते हमिंगबर्डने. आपल्याकडे जास्वंदीवर येणाऱ्या शिंजीराला लोक सर्रास हमिंगबर्ड म्हणतात. दोघांचं नातं लांबचं, हमिंगबर्ड पाकोळीच्या जवळचा. आज तो फक्त अमेरिका खंडांत आहे. तरी 2004 साली जीवाश्म पक्ष्यांचे अभ्यासक गेराल्ड मायर यांनी जर्मनीतल्या फ्राउएनवायलरचा, 3 कोटी वर्षांहून जुना हमिंगबर्ड वर्णिला: लांब चोच, आणि दंडाचं हाड आखूड, जाड. एका जागी तरंगत मध पिणाऱ्याचंच हे हाड. कोंबडीचं दंडाचं हाड शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा फरक ठळक दिसला. हमिंगबर्ड युरोपातून का नाहीसे झाले, हा प्रश्न मला त्या शोधापेक्षाही मोठा वाटतो. होआत्झिन या पक्ष्याचंही तसंच. आज फक्त दक्षिण अमेरिकेत, पण जुनी हाडं नामिबियात आणि फ्रान्समध्येही.

सेमिनारात अपेक्षित प्रश्न आलाच, "मराठवाड्यात का नाही सापडत?" आपला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात हाडं कुठून टिकणार? मांजरा-गोदावरीच्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोडे मिळालेत, पण ती हाडं केवढी! पक्ष्याचं हाड वाळू-गोट्यांत चुरा होतं. म्हणून नकाशावरची रिकामी जागा पाहून 'इथे पक्षी नव्हताच' असं म्हणता येत नाही.

टिकतं ते जाड कवच. कन्नड घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटणे, तिथे शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच उत्खननात मिळालं, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचं. म्हणजे शहामृग इथे होता, असं मी म्हटलं. पण असलं कवच माणसं लांबून आणू शकतात, ही शंका सरांनी काढली. पण तुकडे राजस्थान, मध्य प्रदेशातही आहेत, आणि तिथल्या कवचातला डीएनए 2017 साली तपासला तेव्हा तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. सर म्हणाले, "हे आधी सांगायचं होतं, हमिंगबर्ड नंतर."